मागचा डावा टायर

मोटार चालवणं सुटून कैक वर्षं झाली, तरी रस्त्यात उभी मोटार दिसली की माझी नजर आधी टायरकडं जाते. कडा झिजल्यात की मधला भाग, आतून की बाहेरून, एवढं बघितल्याशिवाय पाय पुढं पडत नाही. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला मोटारींचं वेड आहे. वेड कसलं डोंबलाचं! मला टायर या वस्तूचा मनापासून कंटाळा आलेला आहे. नजर जाते ती खोड म्हणून.

लढाईच्या दिवसांत मी धाराशिवला एका डॉक्टरसाहेबांच्या मोटारीवर ड्रायव्हर होतो. सरकारी कागदावर उस्मानाबाद, बोलण्यात धाराशिव. साहेबांचा दवाखाना गावात होता, पण आठवड्यातून एकदा ते तुळजापूर, नळदुर्ग करत अणदूरपर्यंत जात आणि वाटेत चावडीवर बसून रोगी बघत. अणदुरात माझी आई होती. तिच्या उजव्या तळपायाला जखम झाली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. मधुमेह, साहेब म्हणाले. दर खेपेला ते स्वतः जखम धूत, मेलेलं कातडं कापत, नवी पट्टी बांधत. मला त्यांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "खाडा पडला तर पाय जाईल. हे लक्षात ठेव."

धाराशिवला माझ्याजवळ येऊन राहा म्हणून मी आईच्या मागं लागलो. ती आली, चार दिवस दवाखान्यामागच्या माझ्या खोलीत बसली आणि पाचव्या दिवशी गाठोडं बांधून उभी राहिली. "हितं मला कोन वळखतंय? माज्या गावात मी बरी हाय. तुमची मोटार येतीच की." मी म्हणालो, "तुजा पाय बरा हुस्तवर मोटार बंद पडायची न्हाय. मी हाय न्हवं?" बोलून गेलो. त्यानंतर दोन वर्षं मी त्या वाक्याच्या मागं धावत होतो.

कारण मोटार बंद पडायची तर टायरमुळंच पडणार होती. मलाया जपानच्या हातात गेलेला, रबर येईना. राज्य निजामाचं; नवा टायर हवा असेल तर परवाना, परवान्यासाठी उर्दूत दरखास्त, आणि दरखास्त गेली की ती कुठल्या टेबलाखाली झोपते ते अल्लाला ठाऊक. आमच्याकडं मोटारीखाली चार आणि वर एक स्टेपनी, तीही ठिगळाची. साहेब म्हणाले, "हे संपले की आपली फेरी संपली."

शुक्रवारी दवाखान्याला सुट्टी असे. सगळं गाव अंग सैल सोडून बसे आणि मी सकाळपासून मोटारीखाली. जॅक लावायचा, चारी चाकं काढायची, पुढची मागं, मागची पुढं, फिरवून बसवायची, म्हणजे झीज सगळ्यांना सारखी वाटून जाते. खाचांत रुतलेले खडे खिळ्यानं उकरायचे. हातपंपानं हवा भरायची, दंडाला गोळे येईपर्यंत. हवा कमी राहिली तर दोन्ही कडा झिजतात, जास्त झाली तर मधला भाग झिजतो. पुढची चाकं सरळ आहेत की नाहीत हे बघायला मी बांबूची एक काठी केली होती. दोन्ही टायरांवर खडूनं रेघ ओढायची आणि रेघांमधलं अंतर पुढून एकदा, मागून एकदा मोजायचं. पुढचं अंतर जवारीच्या दाण्याएवढं कमी पाहिजे. जास्त फरक पडला की टायर रस्त्यावर घासत जातो आणि त्याची कड करवतीसारखी होते. पुढची चाकं मी अशी नीट लावून घेतली आणि पुढची झीज थांबली.

पण मागचा डावा काही ऐकेना. तिथं जो टायर बसवावा त्याच्या दोन्ही कडा महिन्याभरात गुळगुळीत. हवा वाढवून पाहिली, तर जुन्या टायरचं कापड फुगायला लागलं. स्प्रिंग बघितली, चाक हलवून बघितलं. कशात काही नाही. एके दिवशी अणदूरच्या चावडीसमोर साहेब उतरले आणि मोटारीची डावी बाजू चार बोटं वर आली. मी बघतच राहिलो.

साहेब देहानं भारी होते. चांगलेच भारी. बसायचे ते कायम मागं, डावीकडं, कारण चावडीशी मोटार लागली की त्याच बाजूला लोक सलामाला उभे असत. औषधांची लोखंडी पेटीही त्यांच्या पायाशीच असायची, हात पोचावा म्हणून. रस्ता मध्ये उंच नि कडेला उतरता. समोरून गाड्या-बैलं आली की मोटार कडेला घ्यावी लागे आणि सगळा भार आणखी डावीकडं झुके. रोगाचं मूळ सापडलं होतं. साहेबांनी मधोमध सरकून बसायचं आणि पेटी उजवीकडं ठेवायची, एवढाच इलाज.

आता हे साहेबांना सांगायचं कुणी? आजच्या पोरांना हसू येईल. पण तेव्हा निजामी अंमलातली रीत अशी की मोठ्या माणसानं बसायची जागा त्यानं ठरवायची, आपण दार उघडून उभं राहायचं. त्यातून म्हणायचं काय? साहेब, तुमच्या वजनानं टायर चाललाय? माझ्या आधीचा ड्रायव्हर उलट बोलला म्हणून गेला, हे मला पहिल्याच दिवशी दवाखान्यात ऐकवलं गेलं होतं. दोनतीनदा मी तोंड उघडलंही. साहेब म्हणाले, "काय रे?" आणि मी म्हणालो, "काही नाही, जी. ऊन लई हाय."

मग मला अक्कल सुचली. साहेबांना हलवता येत नाही, तर दुसऱ्या बाजूला तेवढाच भार ठेवू! दवाखान्याच्या परसात फुटक्या जात्याची तळी पडली होती. ती आणि आणखी दोन धोंडे तरटात गुंडाळून मी मागच्या सीटसमोर उजवीकडं ठेवले. साहेबांनी विचारलं, तर म्हणालो, "चढाला मोटार उभी केली तर चाकामागं लावाय बरं, साहेब." त्यांनी मान हलवली. मोटार दोन्ही बाजूंनी सारखी दिसायला लागली आणि मी स्वतःवर खूश झालो. एवढा खूश मी त्या दोन वर्षांत दुसऱ्या कशानंच झालो नव्हतो.

व्हायचं ते झालं. आता एकाऐवजी दोन टायर झिजू लागले. हे मला पहिल्याच महिन्यात दिसलं होतं, हेही इथं सांगून टाकतो. शुक्रवारी बोट फिरवलं की उजव्याच्याही कडा लागत नव्हत्या. पण इतका थकलो होतो, की धोंडे उतरवून पुन्हा पहिल्यापासून विचार करण्याचं त्राण नव्हतं. पाऊस उघडल्यावर बघू म्हटलं.

एका दुपारी परतीच्या वाटेवर, नळदुर्गाच्या अलीकडं, मागचा उजवा फुटला. स्टेपनी चढवली. दोन मैल गेलो नाही तोच डावा फुटला. आजूबाजूला काळं रान आणि वर ऊन. साहेब उतरून झाडाखाली उभे राहिले. मी मोटार रिकामी करायला लागलो, तेव्हा तरट सुटलं आणि जात्याची तळी घरंगळत त्यांच्या पायाशी गेली.

"हे जातं कशाला घेऊन फिरतोस?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. वाटलं, इथंच नोकरी गेली. साहेबांनी बुटाच्या टोकानं तो दगड जरा हलवून पाहिला. मग म्हणाले, "अरे, मला सरक म्हणायचंस की. मी सरकलो असतो." रागावलेही नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

बैल जुंपून मोटार नळदुर्गात आणली आणि तिथंच एका गोठ्यात लावली. मग दरखास्ती. या कचेरीतून त्या कचेरीत, आज या, उद्या या, साहेब दौऱ्यावर आहेत. डॉक्टरसाहेबांनी मला त्याच कामाला जुंपलं होतं, आणि मलाही वाटत होतं की परवाना लवकर मिळवणं हेच आईचं औषध. तिला निरोप धाडला, की कोळशावर चालणारी प्रवाशांची सर्व्हिस मोटार येते तिच्यात बसून धाराशिवला ये. निरोप घेऊन गेलेला माणूस परत येऊन म्हणाला, "म्हातारी न्हाय म्हनली. माज्या लेकाची मोटार यील म्हनली."

मीच जाऊन तिला उचलून आणायला हवं होतं. याला दुसरं उत्तर नाही. मी गेलो नाही, कचेरीच्या पायऱ्यांवर बसून राहिलो.

सात आठवड्यांनी दोन टायर मिळाले. अणदुरात पोचलो तेव्हा आई चावडीच्या पायरीवर बसलेली होती. गावातली एकजण म्हणाली, मोटारीच्या वारी ती दर आठवड्याला येऊन दिवसभर बसायची. पायाला हळदीची चिंधी बांधली होती. साहेबांनी ती सोडली आणि लगेच परत बांधली. "सोलापूर," एवढंच म्हणाले.

त्यांनी आईला मागच्या सीटवर आडवं केलं, पेटी उजवीकडं ठेवली आणि स्वतः माझ्या शेजारी येऊन बसले. आपले साहेब ड्रायव्हरजवळ बसलेले कुणी बघितले नव्हते. करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावरचा शिपाईसुद्धा सलाम करताना गोंधळला. त्या दिवशी मोटार अगदी समतोल चालली. वाटभर मला एकच कळत होतं, की हे एवढं सोपं होतं.

सोलापूरच्या दवाखान्यात आईचा पाय गुडघ्याखाली कापला. दुसऱ्या दिवशी नर्सनं तिचं लुगडं आणि वहाणा माझ्या हातात दिल्या. हाताच्या खोडीनं मी वहाणा उलट्या केल्या आणि तळावर बोट फिरवलं. डावी झिजून कागद झालेली, टाचेला भोक. उजवी जवळजवळ कोरी. दोन वर्षं ती सगळा भार डाव्या पायावर टाकून चालत होती, उजवा नुसता टेकवत होती. दर आठवड्याला विचारलं की सांगायची, "कमी हाय रं आता. तू तुजी मोटार बघ." मी दर शुक्रवारी चार टायर बोटांनी चाचपत होतो. या वहाणा दर खेपेला चावडीच्या पायरीशी माझ्यासमोर पडलेल्या असत.

आई जागी झाली. माझ्या हातात काय आहे ते तिनं बघितलं.

"दोनी कशाला वागवतूस? लागंल ती ठिव, दुसरी दिऊन टाक."

लागणारी होती ती झिजलेली.