आबांनी घातलेली शपथ

डॉक्टरांनी सोनोग्राफी मशीनचा पडदा माझ्याकडे वळवला. मला त्यातलं काही कळलं नाही. एका काळ्या पट्ट्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हे रक्त आहे. पोटात साठलंय. स्प्लेनिक रप्चर. आत्ताच्या आत्ता ऑपरेशन."

स्प्लीन म्हणजे प्लीहा. डाव्या बरगड्यांच्या आड असते. तिथे मार बसला की ती कधीकधी आतल्या आत चिरते. वरचं पातळ आवरण रक्त धरून ठेवतं आणि मग काही दिवसांनी तेही फुटतं. तोवर माणूस हिंडतो-फिरतो आणि घरचे त्याच्या खांद्याला बाम चोळतात.

थोड्याच वेळापूर्वी याच पलंगावर माझे वडील हार्ट अटॅकचे संशयित पेशंट होते. या दोन गोष्टींच्या मध्ये काय घडलं ते सांगावं म्हणून लिहितो आहे. आबा आता नाहीत. त्यांच्या शोकसभेत उशिरा आलेल्या एका पुढाऱ्याने सांगितलं, की आबांनी आयुष्यात दुखण्याबद्दल ब्र काढला नाही. लोकांनी माना डोलावल्या. हा गुण त्यांच्या जिवावर उठला होता, हे सांगायला मी हात वर केला. आईने तो खाली ओढला.

आबा मावळात, वडिवळ्याला भातशेती करत. बोलणं फार कमी. जेवलात का, या प्रश्नाला ते मान हलवत, आणि जेवले की नाही ते आई ताट बघून ठरवी. या माणसाला एकच नाद होता, बैलगाडा शर्यतीचा. आमच्याकडे चार बैल, एक गाडा आणि चढाची धावपट्टी, अशी शर्यत असते. त्या धावपट्टीला घाट म्हणतात. गाड्यावर कोणी बसत नाही. आबांकडे एकच बैल होता, हरण्या. तो दुसऱ्यांच्या बैलांबरोबर जुंपला जाई. आबांचं काम घाटाच्या तळाशी. निशाण पडेपर्यंत हरण्याला धरून ठेवायचं आणि मग सोडायचं. पुढे सगळा धुरळा. शेवटची रेघ वर, चढाच्या टोकाला. आपला बैल जिंकताना आबांनी कधी पाहिला नव्हता. निकाल त्यांना लाऊडस्पीकरवरून कळे. तिथला निवेदक प्रत्येक गाडामालकाला 'सम्राट' म्हणे. मावळात इतके सम्राट असतील याची मला कल्पना नव्हती. बक्षिसाला नाव पुकारलं जाई तेव्हा आबा हरण्याला पाणी पाजत असत, आणि फेटा दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यावर बसे.

त्या वर्षी यात्रेच्या आधी हरण्याने माझ्या मुलीला शिंगाने ढकललं. तिला खरचटलं, एवढंच. पण आईने निकाल दिला, "परत कुनाला शिंग लावलं, तर त्याला बाजार दाखवीन." आईच्या निकालावर आमच्या घरी अपील नसतं.

नंतर काही दिवसांनी गोठ्यात कुत्रं शिरलं. हरण्या बिथरून फिरला आणि आबा त्याचं डोकं आणि खांब यांच्यामध्ये सापडले. हे फक्त आईने दारातून पाहिलं. अंगावर साधा ओरखडाही नव्हता. आबा थोडा वेळ खाली बसले आणि म्हणाले, "माझी शपथ हाय तुला. कुनाला सांगायचं न्हाई. हरन्यानं काय केलंच न्हाई."

ही शपथ साधी नसते. घालणारा आपला जीव दुसऱ्याच्या जिभेला बांधतो. ती मोडली तर तो जातो. सोडवायची तर त्यानेच तोंडाने 'सुटली' म्हणायचं. आई ज्योतिषाला दारात उभं करत नाही, अंगारे-धुपारे करणाऱ्यांची टिंगल करते. पण ही एक गोष्ट तिच्या टिंगलीच्या बाहेर होती.

आबांचं जेवण कमी झालं. डावा खांदा दुखू लागला. मी तेव्हा तळेगावला राहत होतो. रविवारी घरी गेलो तेव्हा म्हणाले, "झोपंत आखडलं आसंल." सोमवारी सकाळी अंगणात उठताना घामाने भिजले आणि खाली बसले. शेजाऱ्यांनी त्यांना कामशेतला नेलं. वय, घाम, डावा खांदा. कुणालाही हृदयच आठवेल. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि तळेगावला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

मी नोकरी करतो त्या कॉलेजातून थेट तिथे पोहोचलो. आबांचा रंग राखेसारखा झाला होता. बीपी उतरलेलं, नाडी पळत होती. डॉक्टर तरुण होते, पण घाईचे नव्हते. मला म्हणाले, "ईसीजी स्पष्ट नाही. अटॅक असेल तर थांबून चालणार नाही. रक्ताचा रिपोर्ट यायचाय." मग आबांकडे वळले. "आबा, कुठे पडलात? मार लागला?"

आबांनी मान हलवली. नाही.

"मग रक्त पातळ करायचं इंजेक्शन देऊ," डॉक्टर सिस्टरना म्हणाले. ट्रे आला.

आई कोपऱ्यात पदराचं टोक पिळत उभी होती. ती पुढे आली. "पातळ म्हंजी? आन् आत कुटं जखम आसंल तर?"

डॉक्टर थांबले. "तर रक्त थांबणार नाही. आहे का जखम?"

आई आबांच्या तोंडाशी वाकली. "अवो, सुटली म्हना."

आबांचे डोळे मिटलेले.

"ऐकताय न्हवं? सुटली म्हना. मला बोलायचंय."

आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांना ऐकू येत होतं, हे तेवढ्यावरून कळलं.

"काय सुटली?" डॉक्टरांनी मला विचारलं. मलाही ठाऊक नव्हतं.

"त्यांनी शपथ घातलीया, डॉक्टरसायेब," आई म्हणाली. "मी बोलले तर हे जात्याल. न बोलले तरी जात्यालच, आसं दिसतंय."

डॉक्टर हसले नाहीत. त्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. ट्रे बाजूला ठेवायची खूण करून तेही वाकले. "आबा, म्हणा. आपल्याकडे वेळ नाही."

आबांनी डोळे उघडले ते माझ्याकडे पाहायला. "हरन्या इकायचा न्हाई."

"नाही विकणार."

"सांबाळशील तू?"

बैल रस्त्यात दिसला तर मी गाडी थांबवून काच वर करणारा माणूस. म्हणालो, "सांभाळीन."

"मी बी न्हाई इकायची," आई म्हणाली. "आता म्हना की वो."

"सुटली," आबा म्हणाले.

"बैलानं दाबलंय ह्यास्नी," आईने एका दमात सांगितलं. "खांबाला. हितं, डाव्या अंगाला. लय जोरात." डॉक्टर सोनोग्राफीसाठी ओरडले, आणि पुढचं सुरुवातीला सांगितलंच.

ऑपरेशनचं नाव स्प्लेनेक्टमी, म्हणजे प्लीहा काढून टाकणं. रक्त लागणार होतं. मी एका गाडामालकाला फोन केला. बघता बघता हॉस्पिटलचं आवार जीपगाड्यांनी भरलं. सगळे सम्राट रांगेत बाह्या वर करून उभे राहिले. त्यातला सर्वांत धिप्पाड सुई पाहून भिंतीकडे वळला, पण हात मागे घेतला नाही. एक पुढारीही फळांची टोपली घेऊन आले. ज्याला पाण्याचा थेंबही मना होता त्याच्यासाठी फळं. फोटो निघाला आणि टोपली रक्तदात्यांनी संपवली.

थिएटरचं दार बंद होतं. आई बाकावर बसून होती. आबा वाचतील का, असं तिने एकदाही विचारलं नाही. तिने विचारलं, "सुटली म्हनल्यालं तू ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं."

"नीट ऐकलंस? का नुसते व्हट हालले?"

"नीट ऐकलं, आई."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. शेवटी मी तिला सांगितलं, की डॉक्टरांनीही ऐकलंय. तेव्हा तिने पदराचं टोक सोडलं.

सर्जन बाहेर आले तेव्हा मास्क खाली ओढून म्हणाले, "वाचले. अजून थोडा उशीर झाला असता तर मी काही बोलू शकलो नसतो." आईने त्यांना हात जोडले आणि मग मला म्हणाली, "घरी फोन लाव. हरन्याला पानी दावलं का इचार."

ज्यांच्या घरी हे होईल त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. डाव्या खांद्याचं दुखणं पोटातून येऊ शकतं. आत साठलेलं रक्त श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला, टोचतं आणि कळ खांद्यात उमटते. पोटाला मार लागला असेल, तर वळ नसला तरी डॉक्टरांना सांगा. पेशंट अबोल असेल तर त्याच्या बायकोला बाजूला घेऊन विचारा. प्लीहा काढलेल्या माणसाला न्यूमोनिया आणि मेंदूज्वराविरुद्धच्या लसी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्या लागतात, आणि साधा ताप आला तरी त्याच दिवशी दाखवावं लागतं. आबांना ताप आला की आई त्यानंतर शपथ घालू देत नसे. ते तोंड उघडायच्या आत ती म्हणे, "सुटली."

आबा त्यानंतर बरीच वर्षं जगले. बैल धरायची मनाई होती, म्हणून एका यात्रेत मी त्यांना घाटाच्या वरच्या टोकाला नेऊन उभं केलं. धुरळ्यातून हरण्या समोर आला, पहिला. मी आबांकडे पाहिलं. ते धुरळा बसेपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "खालीच बरं हुतं. हितनं तो दिसतो, पर हाताला लागत न्हाई."

गेल्या हिवाळ्यात ते झोपेत गेले. या वेळी खरोखरच हृदय.

हरण्या आता पळत नाही. शोकसभेनंतर मी आईला म्हणालो, की इंदुरीच्या मामांकडे मोठा गोठा आहे, तिथे त्याची नीट सोय होईल.

"तू शब्द दिलायस," आई म्हणाली.

"आबा आता नाहीत, आई."

"म्हनूनच. सुटली कोन म्हननार तुला?"

मी वडिवळ्याहून कॉलेजला जाऊ-येऊ लागलो आहे. सकाळी निघण्याआधी गोठ्यात जातो. हरण्या मान वर करून दाराकडे पाहतो, मी आहे हे कळलं की मान खाली घालतो. मी त्याच्यापुढे वैरण टाकतो, आणि तो ती ओढू लागेपर्यंत तिथेच थांबतो, डावी बाजू जरा लांब ठेवून.