भर उन्हातला फ्लॅश

उल्हासनगरच्या कॅमेरावाल्याने मला फसवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढची हकीकत वाचताना कुणी माझ्याकडे बोट दाखवायला नको.

बुवापाड्यात घराच्या ओट्यावर चादर टांगून मी पासपोर्ट फोटो काढायला सुरुवात केली. आज अंबरनाथ पूर्वेला माझा स्टुडिओ आहे. मधल्या काळात मला कुणी काही फुकट दिलं नाही, आणि मीही सांगितलेल्या भावाने कधी काही घेतलं नाही. मोबाइल आल्यापासून गिऱ्हाईक आटलं होतं. अलीकडे मात्र मुंबईची जोडपी रोलवरचे फोटो मागू लागली; ते त्यांना जास्त खरे वाटतात. म्हणून मी मोठ्या निगेटिव्हचा जुना जपानी कॅमेरा शोधत होते. एकावर एक दोन भिंगं, पोटाशी धरून मान खाली घालून बघायचं, एका रोलवर बारा फोटो.

तो उल्हासनगरात मिळाला. त्या गल्लीत सगळे सिंधी व्यापारी, हा एकटा मुरबाडकडचा, माझ्या माहेरच्या बाजूचा. शेजारच्या सिंधी दुकानदाराने मला पायरीवरच सांगितलं होतं, "बहनजी, रोल डालके देखो, फिर लो." मी ऐकलं नाही. आपल्या माणसाचं गिऱ्हाईक तोडायला बघतोय, असं वाटलं.

आपला माणूस म्हणाला, "ताई, रोल मारून बघा ना. पण मग भाव हाच. न बघता नेलात तर कमी करतो."

असा सौदा समोर आला की मी सोडत नाही. त्याने सांगितलेल्या कमीहून आणखी कमी करून घेतलं.

"आणि फ्लॅश?"

त्याने वायर जोडली, कॅमेरा माझ्याकडे वळवला आणि तोंडासमोर फ्लॅश उडवला. "पेटला ना?"

पेटला होता. संध्याकाळपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे हिरवा ठिपका नाचत होता. याहून मोठा पुरावा मला सुचला नाही.

बदलापूरच्या बाजारात बारवीकडच्या एका पाड्यावरची आजी रानभाज्या घेऊन बसते. घासाघीस करून मी जिला एकदाही हरवू शकले नाही अशी ती एकच बाई. तिच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे, तिच्या आईने टोचून घेतलेलं. नवरा गेला तेव्हा घरच्यांनी त्याच्या मतदार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला. त्यात चेहऱ्याच्या जागी काळा डाग आला, आणि घरात आजही त्या डागाला हार आहे.

आजी मला म्हणाली, "बाय, माजा फोटू आताच काढून ठेव. मेल्यावं लावतील त्यात तोंड दिसला पायजे. गोंदन दिसला पायजे."

मी म्हटलं, "दिसेल. माझा शब्द."

पैसे घेणार नव्हते. स्टुडिओत लावायला मला रोलचा नमुना हवाच होता, त्यामुळे फुकट काम केलं असंही म्हणवत नाही.

भात पिवळं झालं होतं तेव्हा गेले. आजीला घराबाहेर जांभळाखालीच बसायचं होतं. दुपारचं ऊन, मागे लख्ख पिवळं खाचर आणि सावलीत आजीचा सावळा चेहरा. अशा वेळी शेताचा उजेड धरला तर चेहरा काळा पडतो, चेहऱ्याचा धरला तर शेत पांढरंफटक होतं. त्यावर उपाय एकच, भर उन्हात फ्लॅश. तोही बेताचा. फ्लॅश टाकलाय हे फोटोत कळता कामा नये, सगळी कारागिरी तिथे आहे.

सून दारातून म्हणाली, "येवढ्या उन्हात बॅटरी कशाला गं बाय? कमी दिसतंय काय?"

"गप बस," आजी म्हणाली. "तिला तिचा काम करू दे."

मी बाराच्या बारा फोटो आजीवर खर्च केले. प्रत्येक वेळी फ्लॅश उडाला, एकदाही आजीने डोळे मिटले नाहीत. अशी गिऱ्हाइकं मिळत नाहीत. डिजिटल कॅमेरा मी मुद्दाम घरी ठेवला होता.

रोल मी स्वतः धुते. फिल्म वाळायला टांगली आणि बघितलं. निगेटिव्हमध्ये काळं-पांढरं उलटं असतं, तरी कळायचं ते कळलं. शेत दाट उमटलं होतं, चेहऱ्याच्या जागी फिल्म जवळजवळ कोरी, म्हणजे प्रिंटवर काळं. फ्लॅश टाकलाय हे खरंच कुठे कळत नव्हतं. दोन दिवस प्रिंटशी झगडले तेव्हा नाक आणि एक गाल निघाला. गोंदण निघालं नाही.

शब्द दिला होता, म्हणून प्रिंट घेऊन गेले. आजीने तो उजेडाकडे धरला, डोळ्यांजवळ नेला. चिडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी कमी पडत नाही.

"बाय, उजेड तं पडला. मी बगला, बारा येला बगला. मंग गेला कुठं?"

तिने प्रिंट परत दिला.

"जाऊ दे. माज्या तोंडावं उजेड बसतच नाय. म्हाताऱ्याच्या बी बसला नाय."

अंबरनाथ पश्चिमेला एक म्हातारे घड्याळं आणि कॅमेरे दुरुस्त करतात. त्यांनी कॅमेऱ्याची पाठ उघडली, भिंगापुढे पांढरा कागद धरला आणि आत डोळा लावून फ्लॅश उडवला.

"काही दिसत नाही," ते म्हणाले. "पाहुणा दार वाजवून निघून जातो, मग तुमचा कॅमेरा दार उघडतो."

भिंगाशेजारी एक बारीक खटका असतो. तो एका बाजूला असला की फ्लॅश आणि शटरचा पडदा एकदम चालतात. दुसरी बाजू जुन्या, एकदाच जळणाऱ्या बल्बांसाठी. ते पेटायला वेळ घेत, म्हणून तिथे कॅमेरा आधी ठिणगी देतो आणि पडदा नंतर उघडतो. आजच्या फ्लॅशचा उजेड तोवर संपलेला असतो. माझा खटका या दुसऱ्या बाजूला होता आणि हलत नव्हता. म्हाताऱ्यांनी सुईने खरवडलं तर गोंद निघाला. पहिल्या बाजूला नेल्यावर फ्लॅश पेटतच नव्हता. म्हणजे जिथे पेटतो तिथे कुणीतरी खटका चिकटवून ठेवला होता.

मी बाजारात आजीकडे जाऊन हे सगळं समजावलं. म्हटलं, दोष कॅमेऱ्याचा आहे, दुसऱ्या कॅमेऱ्याने आत्ता काढते. तिने भाजीवर पाणी मारलं.

"तू बरी हायेस, म्हनून तसा बोलतेस. मना नको आता."

तेव्हा मी उल्हासनगर गाठलं. सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात विचारलं, खटका कुणी चिकटवला?

"ताई, मी काय बोललो होतो? फ्लॅश पेटतो. पेटतो की नाही?"

"पेटतो."

"मग? आणि रोल टाकून बघा असं मीच म्हटलं होतं. कमी कुणी करून घेतलं?"

शेजारचा सिंधी दुकानदार पायरीवर येऊन उभा होता, पण काही बोलला नाही. त्याचे उपकार.

"हे घ्या, पैसे परत घेऊन जा," आपला माणूस म्हणाला.

पैसे मी घेतले नाहीत. घेतले असते तर प्रकरण मिटलं, असं त्याला वाटलं असतं. मी न बघता घेतला, स्वस्तात मिळाला म्हणून घेतला, ते माझं मी बघेन. पण एक म्हातारी आता फोटोला बसत नाही. तिला वाटतं, खोट तिच्या चेहऱ्यात आहे. माझं बोलणं तिला समजूत घातल्यासारखं वाटतं. गोंद लावणाऱ्याने स्वतः सांगितलं तर ती ऐकेल.

बदलापूर काही लांब नाही. आजी सकाळपासून दुपारपर्यंत बाजारात असते. त्याने तिच्यासमोर बसावं आणि सांगावं, त्या दुपारचा उजेड कुठं गेला.