छापील दाखला

विनिफ्रेड डिन्सडेलनं तब्बल बावीस वर्षं एका क्रियापदामागे घालवली. शब्द कोणता, तर 'सेट'. सूर्य मावळला की सेट, टेबल मांडलं की सेट, मुरंबा आळला की सेट, मोडलेलं हाड बसवलं तरी सेटच. शहरातल्या शब्दकोशवाल्यांसाठी ही बाई घरी बसून पुस्तकं चाळायची, सापडेल ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून धाडायची. मोबदला नाही, नाव नाही, नुसती हौस. "आज किती सापडले गं?" नवरा एमस दारात बूट काढता काढता विचारायचा. हिवाळ्यात तो गेला, आणि तेवढं विचारणारंही कुणी उरलं नाही.

आमच्या यॉर्कशरच्या दरीत या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. कुणाला घरापर्यंत पोचवायला जायचं, तेही सेट. लग्नाआधी दर रविवारी चर्चमधून निघताना एमस याच शब्दात म्हणायचा, "चल, पोचवतो तुला."

मार्चमध्ये कोशवाल्यांचं पत्र आलं. या अर्थाचा शेवटचा छापील दाखला ऐंशी वर्षांपूर्वीचा आहे. नवा मिळाला नाही, तर त्यापुढे मेलेल्या शब्दाची खूण पडेल. तोंडी बोललेलं चालत नाही, हा नियम तिला पाठ होता. तिनं अख्खं घर उपसलं, पण हाती काही लागलं नाही. एमस गेला तेव्हा रडली नव्हती एवढी ती त्या दिवशी रडली.

आमच्याकडे दफन झालं की घरचे साप्ताहिकात आभाराच्या चार ओळी देतात. तिनं त्या दिल्या नव्हत्या, आता दिल्या. शेजारच्या जोनस मेटकाफनं दफनाच्या दिवशी आपल्याला घरापर्यंत पोचवलं, असं तिनं एमसचा तो 'सेट' वापरून लिहिलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

शुक्रवारी अंक आला. कात्री तिनं आधीच काढून ठेवली होती. पण छापखान्यातल्या कुणा दीडशहाण्यानं शब्द सुधारला होता: 'सोबत केली'.

भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं. 'दाखला नाही. खूण घालावी,' एवढं लिहून दुपारी ती चालत गेली आणि पत्र पेटीत टाकून आली.

परतताना वळणावर जोनस कुत्र्याला घेऊन उभा होता. "विनी, पेपरात माझं नाव दिलंस म्हणे. पण ते काय भलतंच छापलंय? सोबत कसली? मी पोचवलं होतं तुला." आणि शब्द तोच वापरला त्यानं.

तिनं मागे वळून पेटीकडे पाहिलं. "तोंडी चालत नाही रे," ती म्हणाली.

"काय चालत नाही?"

"काही नाही."

"मग चल, आजही पोचवतो."

"फाटकापर्यंतच ये," ती म्हणाली.

घरात आल्यावर तिनं कोट न काढताच कोरी चिठ्ठी घेतली, जोनसचं वाक्य लिहिलं, तारीख घातली. मग दुसरी घेतली आणि तिच्यावर एमसचं लिहिलं. 'कुठे छापलं' ही जागा दोन्ही चिठ्ठ्यांवर कोरीच राहिली.