मेजरांच्या बसमधला फ्रीज

कोरेगाव तालुक्यातल्या त्या गावात आकारामना सगळे मेजर म्हणतात. फौजेतून ते नायब सुभेदार होऊन बाहेर पडले. पण सातारा जिल्ह्यात पेन्शनवर आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, आणि त्यात दुरुस्ती करायच्या भानगडीत कुणी पडत नाही. अठ्ठावीस वर्षं फौज आणि नंतर बारा वर्षं मुंबईत एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहणं, यात त्यांची उमर गेली. या सगळ्या काळात बायको, मनुबाई, गावातच होती. सुट्टीवर आले की मेजर म्हणायचे, "रिटायर झालो की तुला सगळा मुलूख दाखवतो." ते दोनदा रिटायर झाले, तरी मनुबाईंची धाव साताऱ्याच्या पुढं गेली नव्हती.

शेवटी एकसष्टाव्या वर्षी मेजरांनी एका शाळेची मोडीत काढलेली मिनीबस घेतली आणि सांगलीजवळ कुपवाडला आदगोंडाच्या शेडमध्ये नेऊन उभी केली. विहिरीवरच्या मोटारीपासून उसाच्या ट्रॅक्टरवरच्या टेपपर्यंत जिथं वायर असेल तिथं आदगोंडाचा हात चालतो. त्यानं बाकं उपटून पलंग आणि ओटा बसवला, टपावर सोलरच्या दोन पाट्या टाकल्या, पलंगाखाली दोन मोठ्या बॅटऱ्या ठेवल्या आणि शेजारी इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीतल्या विजेची घरातल्यासारखी वीज करून देणारा डबा. आता बस कुठल्याही रानात लावली तरी कुणाच्या दारात वायर मागायला जायला नको.

अडचण एकच होती. मनुबाईंना साखरेचा आजार. दिवसातून दोनदा इन्सुलिन, आणि ते गार राहायला हवं. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलानं, जयराजनं, बापाला सरळ अट घातली. आधी आठ दिवस माण तालुक्यात फिरून या. तिथल्या ऑक्टोबरच्या उन्हात औषध टिकलं तर पुढं राजस्थान म्हणा, पठाणकोट म्हणा, कुठंही जा. फ्रीज एकदा जरी बंद पडला तर माघारी यायचं आणि बस विकायची. मेजरांनी शब्द दिला.

"मेजर, बॅटरीवर थेट चालणारा फ्रीज घ्या," आदगोंडानं सांगून पाहिलं. "इन्व्हर्टर गेला तरी त्यो चालतोय."

"कँटीनमधी तसला न्हाई मिळत."

विषय संपला. मिलिटरी कँटीनमध्ये जे मिळत नाही ते माणसाला लागतच नाही, अशी मेजरांची श्रद्धा आहे. बसमध्ये कँटीनचा फ्रीज आला.

मग मेजरांनी वस्तूंची ड्यूटी लावली. दाराला कागद चिकटवला. फ्रीज, चोवीस तास. पंखा, रात्री दहा ते चार. मिक्सर, दुपारी बारा ते साडेबारा, ऊन डोक्यावर असताना. इस्त्रीला मनाई. मनुबाईंनी कागद वाचला.

"म्हंजे चटणी बाराला वाटायची? आन् मला इंजेक्शन घेतल्यावर अर्ध्या तासात खायाचं असतंय, त्येचं काय?"

"ऑर्डर निघाली हाय," मेजर म्हणाले. मनुबाईंनी घरूनच डबाभर चटणी कुटून घेतली.

दसऱ्याला निघायचं ठरलं. युनिटमध्ये मेजरांची शस्त्रपूजा एकदाही चुकली नव्हती. तोफेला जे केलं ते बसला नको का? स्टिअरिंगला झेंडूचा हार पडला, चाकांखाली लिंबं गेली. सगळ्यात जास्त भक्ती इन्व्हर्टरच्या वाट्याला आली, कारण सगळी मदार त्याच्यावर. त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडून पाणी चारी बाजूंनी शिंपडलं आणि वर गूळखोबऱ्याचा नैवेद्य ठेवला.

"बास की आवं, किती भिजवताय त्येला?"

"देवाच्या कामात कंजुषी कशापायी?"

दोन दिवस दृष्ट लागावी असे गेले. तिसऱ्या दिवशी दहिवडीच्या पुढं एका माळावर कडुलिंबाखाली बस उभी होती. बरोब्बर बाराला मेजरांनी स्वतः मिक्सर लावला. मिक्सर घरघरला, पलंगाखाली फट्‌ असा आवाज झाला, आणि मिक्सरबरोबर फ्रीजही गप्प झाला. मेजरांनी बटणं खालीवर केली, वायरी हलवल्या. शेवटी व्हिडिओ कॉल लावून आदगोंडाच्या सांगण्यावरून इन्व्हर्टरचं झाकण काढलं. आत लाल मुंग्यांचा अख्खा संसार होता, निम्म्या मेलेल्या, निम्म्या पळणाऱ्या.

"मेजर, दसऱ्याला नारळ फोडलासा?"

"व्हय."

"त्येच्यावरच?"

मेजरांनी झाकणावरचं वाळलेलं कुंकू अंगठ्यानं पुसलं.

"गूळ बी ठिवला असणार. दसरा झाला की पंधरा दिवस मला ह्येच काम असतंय बघा. आतलं सर्किटचं कार्ड जळलंय. कुपवाडला आणा."

मेजर बसच्या पायरीवर बसले. त्यांना लाज वाटली. चाळीस वर्षं दिलेला शब्द तिसऱ्या दिवशी मुंग्यांनी खाल्ला, आणि मुंग्यांना आवतण त्यांनीच धाडलं होतं. "अगं, आवर सगळं. माघारी जाऊ," ते आत तोंड करून म्हणाले. आत कुणी नव्हतं.

मनुबाई पलीकडच्या वस्तीवरून येत होत्या. कमरेवर मडकं, त्यात ओली वाळू. त्यांनी फ्रीजमधलं इन्सुलिन डब्यात घातलं, डबा वाळूत बसवला, मडक्याच्या तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि मडकं लिंबाच्या सावलीत वाऱ्याला ठेवलं.

"टिकंल ह्ये?"

"टिकतंय."

"तुला कुणी शिकिवलं?"

"नर्सबाईनं. धा वर्सं झाली. तवा आठ-आठ तास लाईट नसायची, घरातला फ्रीज काय कामाचा? औषध मडक्यातच असायचं."

"मला कसं म्हाईत न्हाई?"

"तुमी तिकडं बँक राखत हुता." मनुबाईंच्या आवाजात राग नव्हता. "सुट्टीला आला की माठातलं पाणी प्यायचा. शेजारच्या मडक्यात काय हाय, ते कवा इचारलं न्हाई."

संध्याकाळी जयराजचा फोन आला. "बाबा, फ्रीज चालू आहे ना?"

मेजरांना खोटं बोलता येत नाही. "न्हाई. बंद पडला."

"मग ठरल्याप्रमाणे उद्या परत या."

मनुबाईंनी फोन हातातून काढून घेतला. "फ्रीज बंद हाय, इन्सुलिन गार हाय. आत्ताच हात लावून बघितलं. मी काय माघारी येत न्हाई." आणि फोन ठेवून त्या भाकरीच्या पिठाकडं वळल्या.

मेजर उठून पलंगापाशी गेले. मग त्यांनी उशीखालचा नकाशा काढला. जिथं जिथं त्यांचं पोस्टिंग झालं होतं, त्या सगळ्या गावांतून एक लाल रेघ गेली होती. त्यांनी नकाशा उलगडला आणि मनुबाईंपुढं ठेवला.

"मनू, तुला कुठं जायाचं हाय?"

पिठातला हात थांबला. मनुबाईंनी नकाशाकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं.

"जरा इचार करू द्या," त्या म्हणाल्या. "आजवर कुणी इचारलंच न्हवतं."