सासूबाईचा पाण्याचा घोट

माही सासू कौशल्याबाई म्हणजे संग्रामपुरातल्या आमच्या बचत गटाची अध्यक्ष. गटात बारा बाया, अन् बारा जणींचे बारा पुढारी. तरी तिथं कधी कोणी कोणाच्या झिंज्या धरल्या नाईत. कारण सासूबाईचा नियम: एक जण बोलून राह्यली, की जिले उत्तर द्याची घाई हाये तिनं तोंडात पाण्याचा घोट धराचा. समोरचीचं सरलं की गिळाचा, मंग बोलाचं. तंवर अर्धा राग पाण्यासंगं पोटात जाते. मी तं पहिल्यांदा नाकच मुरडलं होतं. मले राग आला की घोटच काय, हंडा पुरत नाई.

पण दिव्याखाली अंधार! माहे सासरे वामनराव अन् सासूबाईचा धाकटा भाऊ इंद्रभानमामा विधानसभेच्या वक्ताले आरक्षणावरून असे भांडले, की मामा भरल्या ताटावरून उठून गेला. वर्ष झालं, घरात पाय ठेवला नाई. आता माही नणंद प्रतीक्षा, तिचं लग्न पंधरा दिवसांवर. मंगलाष्टकाच्या वक्ती नवरीच्या मागं मामा पाह्यजे, अन् मामा म्हणे, "त्या माणसाच्या मांडवात मी येत नाई." सासूबाईले घास गिळवेना.

शेवटी तिनं वावरात रोडग्याचा कार्यक्रम ठेवला. कणकेचे ते जाड गोळे गवऱ्यांच्या आरावर, लालभडक निखाऱ्यांवर, भाजाचं काम आमच्याकडं माणसंच करतात, अन् एकदा आराजवळ बसलं की उठता येत नाई. तिले हेच पाह्यजे होतं. दोघांले समोरासमोर बसवलं, हातात पाण्याचा एकेक गडू दिला, नियम सांगतला, अन् आम्ही बाया तिकडं वांग्याच्या भाजीले लागलो.

अव माय! मी लांबून पाह्यलं तं मामा बोलून राह्यला अन् सासरे गाल फुगवून ऐकून राह्यले. मंग सासरे बोले, मामा गाल फुगवे. घंटाभर चढा आवाज नाई.

मंग मामाले आरक्षणाचा सारा इतिहास आठवला. सुरू झाला तो थांबेच ना. इकडं सासऱ्यांले रोडग्यांतून धूर निघताना दिसला, पण तोंडात पाणी. ते "हूं! हूं!" करत आराकडं बोट दाखवे. मामाले वाटलं, दाजीले पटून राह्यलं. तो अजून रंगात आला. सासऱ्यांनी घोट गिळला, "अबे, रोडगे..." म्हणाले, तं मामा म्हणते कसा, "नियम म्हणजे नियम, दाजी. माहं अजून सरलं नाई." अन् माह्या शहाण्या सासऱ्यांनी पुन्हा घोट भरला!

चाळीस रोडग्यांचा कोळसा झाला.

सासूबाई धावत आली. जन्मात आवाज न चढवलेली बाई, पण अशी कडाडली! "आग लागो तुमच्या शांतपणाले! अन् माह्या नियमाले बी! पोरीच्या मागं मामा उभा नसला, तं मी बी मांडवात येत नाई. करा दोघं मिळून लग्न!" अन् मटकन वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, बसून रडाले लागली. मले बी रडू आलं, अन् त्या दोघांचा असा राग आला, की चिमटा फेकून मारावा वाटलं.

"तुमच्यामुळं जळले," मामा म्हणे.

"तुह्या भाषणामुळं जळले बे!" सासरे उसळले.

"पलटवता येत नाई तं बसले काऊन?"

"चाळीस वर्सं रोडगे भाजून राह्यलो मी! तू मले शिकवतं?"

आवाज पार रस्त्यापर्यंत. शेजारच्या वावरातली माणसं धुऱ्यावर येऊन उभी राह्यली.

शेवटी मामाच थकला. कपाळावरची राख पुसत बहिणीजवळ आला अन् म्हणे, "ताई, रडू नको वं. लग्नाच्या आदल्या दिवशी येतो मी."

सासरे कोळशातून एखादा बरा रोडगा शोधून राह्यले होते. मान वर न करता म्हणाले, "आदल्या दिवशी नाई. उद्याच बोलाव त्याले. वर्ष झालं, मले घरात भांडाले माणूस नाई."