काळ्या पोवळ्याचं ब्रेसलेट कुणी गाठवलं

शारजातली जुनी मंडळी अजून फोनवर मला ‘ब्रेसलेटवाले काका’ म्हणतात. पुरुषांच्या हातातलं, रेशमात गाठवलेलं ब्रेसलेट माझ्या डोक्यातून निघालं, अशी त्यांची समजूत आहे, आणि ती मीच करून दिली. ते ब्रेसलेट माझ्या बायकोनं केलं. त्यानंतर ज्या ब्रेसलेटांवरून माझं कौतुक झालं, तीही तिनंच केली. खरं मी त्या वेळी घराबाहेरच्या एकाच माणसाला सांगितलं. आता सगळ्यांना सांगतो.

नव्वदच्या दशकात मी तिथल्या औद्योगिक क्षेत्रात एका कारखान्यात कारागीर होतो. एका बाजूला गॅरेज, दुसऱ्या बाजूला अॅल्युमिनियमच्या खिडक्या, मधे आम्ही. तिकडचे पुरुष सोनं घालत नाहीत, त्यांच्या धर्मात ते बसत नाही. हौस मात्र असतेच. त्यामुळे आमच्याकडे सोनं सोडून सगळं यायचं. मोडीत निघालेल्या गलबताचं सागवान, उंटाचं हाड, पाकट माशाचं खडबडीत कातडं, एकदा तर आकाशातून पडलेला दगड. हे सगळं चांदीत नाहीतर प्लॅटिनममध्ये बसवायचं. मी गावाकडे सोन्यात शिकलेला माणूस. पण सकाळी पुढ्यात काय येईल याची मला पोरासारखी उत्सुकता असायची.

एक दिवस एक म्हातारे अरब गृहस्थ आले. त्यांचे वडील मोती विकायला मुंबईला जात, त्यामुळे यांचं हिंदी आमच्या शेठपेक्षा साफ होतं. त्यांनी रुमालातून वडिलांची जपमाळ काढली. समुद्राच्या तळाशी वाढणारं काळं पोवळं असतं, तिकडे त्याला युसर म्हणतात, त्याचे मणी. दोरा कुजला होता.

“मेरे बाप का हाथ इस पे फिरा है,” ते म्हणाले. “अब मेरे हाथ में रहना चाहिए. दूसरा नहीं मिलेगा, समझे?”

“इन्शाल्ला, फर्स्ट क्लास बनेगा,” शेठनी माझ्या वतीनं सांगून टाकलं.

मी नेहमीप्रमाणे मणी चांदीच्या तारेत ओवले आणि टोकाला कडी बसवायला तार पकडीनं आवळली. कट् असा आवाज झाला. एक मणी तडकला. दुसऱ्यांदा जपून आवळली, तर शेजारचा गेला. आणखी एखादा गेला असता, तर मणी मनगटाला पुरले नसते. मी सगळं डबीत घातलं आणि अल नहदातल्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो.

बायकोनं डबी उघडली. “अगबाई! मंगळसूत्र कुणाचं वाढलं?”

“अगं, पुरुषाचं आहे. हातात घालायचं.”

“पुरुषाला काळे मणी? बरं झालं. त्यांनाही कळू दे जरा!” आणि ती पोट धरून हसली.

माझे सासरे पटवेकरी होते. सराफकट्ट्याच्या ओट्यावर बसून लोकांचे दागिने गाठवून द्यायचे. ही त्यांच्या शेजारी बसून लहानाची मोठी झाली. तिनं फरशीवर बसकण मारली, रेशमाचा पदर पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणला, पीळ दिला, आणि गप्पा मारत मारत एकेक मणी गाठीत बसवला. शेवटाला, ठुशीला मागे असतो तसा, सरकता गोंडा. कडी नाही, तार नाही, एकाही मण्याला धक्का नाही.

“हातात कसं दिसतं ते सांगा हं मला,” ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं ते हातात चढवलं आणि डोळ्यांना लावलं. “किसने बनाया?”

बायकोनं, हे तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात तिचा अंगठा डोळ्यांसमोर आला. यांच्या वडिलांचे जपाचे मणी, आणि आमच्या घरी ते पायाला ताणून ओवलेले! मी म्हणालो, “मैंने.”

घरी आलो तर ती दारातच. “कसं दिसलं?”

“चांगलं,” म्हणून मी हात धुवायला गेलो.

मग मागणी सुरू झाली. मी कागदावर मनगटाचं माप लिहून आणायचो, ती दुपारी गाठवायची, मी सकाळी पोचवायचो. शेठ माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, “यल्ला, उस्ताद!” गणपतीत तिथल्या मराठी मंडळानं मला शाल दिली, तेव्हा तिनंही टाळ्या वाजवल्या. ती मनापासून हसत होती, म्हणून मला वाटलं, चालतंय. विचारायची मात्र दर वेळी, कुणाच्या हातात गेलं, कसं दिसलं. तिनं केलेली एवढी ब्रेसलेटं, पण एकही तिनं मनगटावर पाहिलं नव्हतं.

काही वर्षांनी रेशीम विरलं, तसे म्हातारे परत आले. “इस बार मेरे सामने करो,” म्हणून खुर्ची ओढून बसले.

मी टेबलाला खिळा ठोकला, त्याला रेशीम बांधलं. पीळ देतोय तोवर तो सुटायचा. पुन्हा दिला, पुन्हा सुटला. म्हातारे शांतपणे सुलेमानी चहा पीत बघत होते. शेवटी मी हात खाली ठेवले.

“मेरी बीवी बनाती है. पैर से पकड़ के. आपको बुरा लगेगा, इसलिए नहीं बोला.”

ते उठले. “चलो उसके पास.”

दार उघडल्यावर बायको आधी माझ्यावरच घसरली. “अहो, पाहुणे आणताय, फोन तरी करायचा!” मग डबी पाहून तिला कळलं. खाली बसून तिनं माझ्याकडे पाहिलं. पाय वापरू का, असा तो प्रश्न होता. मी मान हलवली. रेशीम अंगठ्याला लागलं आणि म्हातारे मोठ्यानं हसले.

“मोती का धंधा डूबा, तब मेरा बाप मछली का जाल ऐसे ही बनाता था! बिलकुल ऐसे!”

तेवढ्यात आमची मुलगी शाळेतून आली. दप्तर खांद्यावर तसंच ठेवून ती आईकडे बघत राहिली. “बाबा, यू सेड यू मेक दीज.”

“नाही गं,” मी म्हणालो. “आई करते.”

बायकोनं मान वर केली नाही. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

तयार झाल्यावर तिनं ब्रेसलेट ताटलीत ठेवून पुढे केलं. म्हाताऱ्यांनी ते हातात घातलं आणि गोंडा दातांत धरून ओढला.

“अहो, त्यांना हात खाली सोडायला सांगा.”

मी सांगितलं. त्यांनी सोडला.

“आता वर. आता मूठ वळायला सांगा.”

त्यांनी मूठ वळली. ती पुढे सरकून, मान तिरकी करून बघत होती. असा आनंद मी तिच्या तोंडावर शालीच्या दिवशीही पाहिला नव्हता.

“एक गाठ जास्त झाली,” ती म्हणाली. “मापावर कळत नाही हो, हातावर कळतं. द्या म्हणावं इकडे.”

म्हाताऱ्यांनी मुकाट्यानं काढून दिलं, आणि आम्ही तिघं तिच्यासमोर फरशीवरच बसलो.