कौतिक रंगाऱ्याची खापरं

कौतिक रंगाऱ्याचे हात मनगटापर्यंत जांभळे. लग्नाच्या पंगतीला बसला तरी जांभळे. बऱ्हाणपुरात आमच्या आळीमागून तापीकडे जाणाऱ्या नाल्याच्या काठी त्याची भट्टी होती. विणकरांचं सूत रंगवायचं आणि उरलेलं रंगपाणी खुशाल नाल्यात सोडायचं, हा त्याच्या बापापासूनचा शिरस्ता. मी शेजारीण, म्हणून एकदा बोलून पाहिलं, तर म्हणे, "वाहतं पानी हाये वहिनी, जाईन पुढं." पुढे काय माणसं राहत नव्हती? पण ऐकतो कोण!

शेवटी त्याला एका बैलाने वठणीवर आणलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी सुकलालने आपला पांढराशुभ्र चांद्या नाल्यात घालून धुतला आणि बाहेर काढला, तर बैल जांभळा! सुकलालची शेती जसोंडी गावाकडची, पण घर आमच्या आळीच्या खालच्या अंगाला, आणि चांद्यावर त्याचा पोटच्या पोरासारखा जीव. घासघास घासलं तरी रंग हटेना. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत लोक पोट धरधरून हसले. मीही हसले. सुकलाल तसाच बैल घेऊन भट्टीवर आला.

"कौतिक, माह्या चांद्याले काय लुगडं नेसवलं तू? पुढच्या पोळ्याले बैल पांढरा निंघाला नाही, तं तुही भट्टी हटली इथून!"

आळीतल्या चार वडीलधाऱ्यांनीही तेच ठरवलं. भट्टी हलवायची म्हणजे वाहतं पाणी गेलं, बापाने बांधलेलं घर गेलं. कौतिकचा चेहरा उतरला.

त्याच दिवाळीच्या सुमारास राज्यांची फेररचना झाली. तोवरची आमची राजधानी नागपूर मुंबई राज्यात गेली आणि भोपाळ नवी राजधानी झाली. जो तो ओट्यावर बसून तेच बोलायचा. कौतिक म्हणायचा, "राजधानी गेली तं जाऊ द्या, मायी भट्टी राहिली पाह्यजे."

हिवाळ्यात त्याच्या बायकोने, गोदाबाईने, ओटा पांढऱ्या मातीने सारवला आणि या पठ्ठ्याने त्यावर रंगाची बादली सांडली. ती तेव्हा जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. पण चारेक दिवसांनी तिनेच त्याला हाक मारली. छपराच्या सावलीतला डाग तसाच होता. उन्हातला पार उडाला होता.

"अवो, पाहा तं! माती अन् धूप मिळून तुमचा रंग खाऊ राह्यले."

कौतिक कामाला लागला. फुटकी कौलं, खापरं गोळा केली, पांढऱ्या मातीच्या रबडीत बुडवली आणि नाल्याच्या वाटेवर उथळ चर खणून त्यात मांडली. रंगपाणी त्यांवरून हळूहळू जायचं. माती रंग धरून ठेवायची, ऊन तो उडवायचं. चराच्या टोकाला पाणी स्वच्छ दिसलं तेव्हा तो आळीभर सांगत फिरला. मग वळवाची एक सर आली आणि सगळी माती वाहून नाला पांढरा झाला.

"आता बैल दुधात न्हानार का?" सुकलालने विचारलं.

कौतिक त्या रात्री जेवला नाही. गोदाबाईने मात्र चुलीकडे बोट दाखवलं. "हे बी मातीच हाये. भाजली, म्हनून टिकली." मग भट्टीत खापरं भाजली गेली, आणि लेप पक्का बसला.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. पोळा तोंडावर आला आणि ऊनच पडेना. चर जांभळ्या पाण्याने काठोकाठ भरले. सणासुदीसाठी सूत हवं म्हणून विणकर दारात बसले. चराच्या टोकाला पाणी अडवणारी मातीची पाळ पायाने जरा ढकलली की सगळं नाल्यात मोकळं! एकदा तो तिथे जाऊन उभाही राहिला. मी खिडकीतून पाहत होते आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होते. पण त्याने पाळीवर आणखी दोन घमेली माती टाकली, भट्टी विझवली आणि विणकरांना हात जोडले. "धूप पडू द्या. मंग देतो."

पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळी आळी नाल्यावर. सुकलालने चांद्याला पाण्यात घातला, चोळचोळ चोळला, बाहेर काढला. फिरवून पाहिलं, पोटाखाली वाकून पाहिलं, शेपूट उचलूनही पाहिलं. बैल पांढराशुभ्र! गोदाबाईने पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकलाल चांद्याला घेऊन कौतिकच्या दारात आला.

"शिंगं रंगवाची हायेत. रंगारी घरचा असतानी दुसऱ्याकडं कायले जाऊ?"

कौतिकने आपला जांभळा रंग कालवला. कुंचला शिंगाकडे नेताना त्यावरून एक थेंब निसटला आणि थेट चांद्याच्या कपाळावर पडला. कौतिक घाबरून धोतराच्या सोग्याने पुसायला गेला.

सुकलालने त्याचा हात धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "चांगलं दिसते."